पाइपाची टांगती कुंडी

शहरांतील घरांचीं अंगणें गेलीं आणि त्यांबरोबर तुळशीवृंदावन, जाईचा मांडव, अळवाचा वाफा हें सारें गेलें. राहिली ती गॅलरी. आणि गॅलरींतहि जमिनीवरची जागा पाण्याचें पिंप, सायकल, वाळत घातलेले कपडे आणि जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे यांनीं आधींच वांटून घेतलेली असते. उरते ती अधांतरींची जागा. तिच्यावर कोणाचा हक्क अद्याप बसलेला नसतो, आणि म्हणूनच घरांतल्या हौशी माणसाची नजर शेवटीं तिच्याकडे वळते. नळकामाच्या दुकानांत मिळणारा प्लॅस्टिकचा पाइप, दोन टोपणें आणि हातभर साखळी एवढ्या सामानांत ही जागा हिरवी करतां येते. खर्च थोडा, मेहनत एका रविवारच्या दुपारची. मात्र अशा कुंड्यांपैकीं पुष्कळशा पहिला पावसाळा पाहून संपतात. कांहींतील झाडें कुजतात, कांहीं वांकतात, आणि एखादी खालीं येते. असें कां होतें तें कळलें म्हणजे कुंडी कशी करावी हेंहि कळतें.

टांगत्या बागेची हौस फार जुनी आहे. बाबिलोनच्या टांगत्या बागांचें वर्णन ग्रीक ग्रंथकारांनीं केलें आहे. त्या बागा खरोखर बाबिलोनांत होत्या, कीं असुरांच्या निनेवे नगरींत होत्या, कीं मुळीं नव्हत्याच, याविषयीं विद्वानांत अद्याप एकमत नाहीं. परंतु इ. स. पूर्व पहिल्या शतकांतील डायोडोरस या इतिहासकारानें दिलेली हकीकत वाचतांना लक्ष वेधून घेते ती झाडांची शोभा नव्हे, तर खालची बांधणी. दगडी तुळया, त्यांवर डांबरांत बसविलेला बोरूचा थर, त्यावर भाजक्या विटांचे दोन थर, आणि त्याहि वर शिशाचे पत्रे. हेतु हा कीं वरच्या मातींतील ओल खालीं झिरपूं नये. बाग राजाची असो वा तिसऱ्या मजल्यावरील भाडेकरूची, अधांतरीं झाड लावणाराला भार आणि पाणी या दोन गोष्टींशींच झुंजावें लागतें.

आणि या दोहोंचें उत्तर मराठी घरांत कधींच सांपडलेलें होतें. दुधातुपाचीं मडकीं मांजरांपासून आणि मुंग्यांपासून दूर राहावींत म्हणून आढ्याला शिंकें बांधीत. शिंकें मडक्याला कोठें भोक पाडीत नाहीं, कोठें चिमटीत नाहीं. तें बुडाखालीं जाऊन मडक्याला अलगद उचलून धरतें. दुसरी वस्तु देवघरांतली. अभिषेकपात्राच्या बुडाशीं एक बारीकसें छिद्र असतें आणि त्यांतून पाणी थेंब थेंब, न तुंबतां, न सांडतां बाहेर पडत राहतें. पाइपाची कुंडी करणाराला जें शिकावयाचें तें या दोन वस्तूंत आहे: भार बुडाखालून पेलावा आणि पाणी बुडांतून जाऊं द्यावें. बाकीचें सारें करवतीचें काम आहे, आणि तें कोणालाहि जमतें.

आतां या पाइपाविषयीं. ज्या द्रव्याचा हा पाइप बनतो त्याला पी. व्ही. सी. म्हणतात. १८७२ सालीं ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला असें आढळलें कीं व्हिनिल क्लोराइड हा वायु कांचेच्या नळींत कोंडून उन्हांत ठेवला असतां त्यापासून एक पांढरा घन पदार्थ तयार होतो. त्याचा उपयोग काय हें तेव्हां कोणालाच उमगलें नाहीं. १९२६ सालीं अमेरिकेंत वॉल्डो सीमन यानें त्याला मऊ व लवचिक करण्याची युक्ति शोधली, आणि १९३० नंतरच्या दशकांत जर्मनींत त्याचे पाण्याचे पाइप बनूं लागले. गमतीची गोष्ट ही कीं उन्हांत जन्मलेलें हें द्रव्य उन्हांतच म्हातारें होतें. उघड्यावरचा पाइप कांहीं वर्षांत भुरकट पडतो, हात लावला तर पांढरी भुकटी लागते, आणि ठिसूळ होऊन आघातानें तडकतो. ऐंशी अंश सेंटिग्रेडच्या आसपास तो मऊहि पडतो. कुंडीला बाहेरून पांढरा किंवा फिकट रंग देण्याचें कारण हेंच; शोभा हा वरचा लाभ. रंगामुळें ऊन थेट पाइपापर्यंत पोंचत नाहीं आणि वैशाखांत आंतल्या मुळ्या शिजत नाहींत. रंग देण्यापूर्वीं पाइप पॉलिश कागदानें घासावा, नाहीं तर रंगाचे पापुद्रे सुटतात.

पाइप घेतांना ११० मिलिमीटर व्यासाचा घ्यावा. सांडपाण्याच्या आणि पावसाच्या पाण्याच्या पाइपांत दोन प्रकार मिळतात: ‘अ’ प्रकार पातळ, मुख्यतः पावसाच्या पाण्यासाठीं, ‘ब’ प्रकार जाड, मैलापाण्यासाठीं. टांगावयाचा तो ‘ब’ प्रकारचाच बरा. अडीच फूट, म्हणजे ७५ सेंटिमीटर लांबी पुरे. याहून लांब कुंडी दिसावयास ऐटदार खरी, परंतु ती एकट्या माणसाला भरलेल्या स्थितींत खालीं उतरवितां येत नाहीं, आणि जी उतरवितां येत नाहीं तिची निगा हळूहळू थांबते.

मोडक्या इमारतींतून किंवा भंगारवाल्याकडून आलेला जुना पाइप फुकट मिळाला तरी खाण्याची भाजी त्यांत लावूं नये. तो पूर्वीं काय वाहून नेत होता हा एक प्रश्न. आणि दुसरा अधिक गंभीर प्रश्न असा कीं पी. व्ही. सी. उष्णतेनें बिघडूं नये म्हणून त्यांत शिशाचीं संयुगें मिसळण्याची रीत भारतांत दीर्घकाळ चालत आली. शिसें मुलांच्या मेंदूला अपाय करतें आणि त्याची निरुपद्रवी अशी मात्रा नाहीं. ज्या पाइपावर तो शिसेंविरहित असल्याचें छापलेलें आहे त्यांत कोथिंबीर-पुदिना खुशाल लावावा. बाकीच्यांत फुलें आणि वेली. बाबिलोनच्या राजाला शिशाचे पत्रे शोभले असतील, परंतु चटणीच्या पुदिन्याशीं त्यांचें जमावयाचें नाहीं.

कापणीचें काम लोखंड कापण्याच्या बारीक दांत्यांच्या करवतीनें होतें. गोल पाइपावर सरळ रेघ मारणें नवख्याला अवघड वाटतें. वर्तमानपत्राचा एक लांब कागद पाइपाभोवतीं गुंडाळून त्याची कड कडेवर तंतोतंत जुळविली कीं ती कड म्हणजेच सरळ वर्तुळ. तिच्या लगत पेन्सिल फिरवावी. लांबीच्या दिशेनें रेघ मारावयाची तर पाइप जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवावा, शेजारीं एक जाड पुस्तक आडवें ठेवून त्यावर पेन्सिल दाबून धरावी आणि पुस्तकासकट सरकवीत न्यावी. रेघ वांकडी जात नाहीं.

वरच्या बाजूस एकच लांब खिडकी कापण्याचा मोह होतो. तो आवरावा. अखंड नळींत जें बळ असतें तें एवढें मोठें तोंड उघडल्यावर जातें, आणि उन्हाळ्यांत ओल्या मिश्रणाच्या भारानें दोन्ही कांठ बाहेर फांकतात. त्याऐवजीं दोन खिडक्या कराव्या: दोन्ही टोकांस १२ सेंटिमीटर अखंड पाइप सोडावा, मध्यें ५ सेंटिमीटरांची पट्टी राखावी, आणि उरलेल्या जागेंत २३-२३ सेंटिमीटर लांबीच्या खिडक्या घ्याव्या. रुंदी पाइपाच्या बाकदार पाठीवर मोजून ८ सेंटिमीटर. प्रत्येक खिडकीच्या चारी कोपऱ्यांवर प्रथम गिरमिटानें गोल भोकें पाडावींत आणि मग एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत करवत चालवावी. गोल कोपरा तडकत नाहीं. टोंकदार कोपऱ्यापासून चीर निघते आणि ती निघाली कीं थांबत नाहीं. कापलेल्या कडा कानशीनें घासून बोथट कराव्या, नाहीं तर त्यांवरून लोंबणारा प्रत्येक वेल वाऱ्यानें स्वतःच कापला जातो. कापतांना पडणारा भुसा कागदावर गोळा करून कचऱ्यांत टाकावा. कुंडीच्या मिश्रणांत तो जाऊं देऊं नये.

पाइप विस्तवावर धरून मऊ करणें आणि हवा तसा वांकविणें ही रीत कांहीं ठिकाणीं प्रचारांत आहे. ती घरांत, विशेषतः स्वयंपाकाच्या गॅसवर, मुळींच करूं नये. पी. व्ही. सी. जळला म्हणजे त्यांतून हायड्रोजन क्लोराइड वायु निघतो. तो घशांतल्या आणि डोळ्यांतल्या ओलीला भिडला कीं तेथें आम्ल तयार होतें. उभ्या पाइपाला खिसे पाडून मनोरे करतात ते याच रीतीनें. त्यांचा मोह कां टाळावा हें पुढें येईलच.

टोपणांपैकीं एक पाइपाच्या सिमेंटनें कायमचें चिकटवावें. हें सिमेंट उघड्या हवेंत आणि विस्तवापासून दूर वापरावें. दुसरें टोपण चिकटवूं नये. नुसतें दाबून बसवावें आणि दोन लहान स्क्रूंनीं अडकवावें. त्यांतून पाणी पाझरलें तरी बिघडत नाहीं, कारण पाणी जावें हीच तर इच्छा आहे. परंतु वर्षभरानें मुळ्यांनीं गच्च भरलेली कुंडी रिकामी करावयाची वेळ येते तेव्हां दोन्ही टोपणें चिकटविणारा गृहस्थ चमच्यानें माती उकरीत बसलेला दिसतो.

बुडाच्या रेघेवर आठ मिलिमीटरांचीं सहा-सात भोकें पाडावींत. त्यांवर नारळाच्या काथ्याची किंवा प्लॅस्टिकच्या जाळीची पट्टी ठेवली म्हणजे मिश्रण वाहून जात नाहीं. येथें एका सर्वमान्य समजुतीला हात घालणें भाग आहे. कुंडीच्या तळाशीं विटांचे तुकडे किंवा खडी घातली कीं पाण्याचा निचरा चांगला होतो, असें घरोघर सांगतात. तें खरें नाहीं. भांडीं घासण्याचा एक स्पंज पाण्यांत भिजवून तळहातावर आडवा धरावा आणि ठिबकणें थांबेपर्यंत वाट पाहावी. मग तोच स्पंज उभा करावा. न पिळतां त्यांतून आणखी पाणी गळूं लागतें. बारीक छिद्रांचा कोणताहि पदार्थ आपल्या तळाच्या कांहीं बोटें जागेंत पाणी धरून ठेवतो, आणि ही ओली पट्टी पदार्थाच्या उंचीवर अवलंबून नसते. खडीचा थर दिला तर ती पट्टी नाहींशी होत नाहीं; ती फक्त खडीच्या वर सरकते, म्हणजे मुळ्यांच्या अधिक जवळ येते. हातभर खोल कुंडींत याचें फारसें कांहीं वाटत नाहीं. ज्या पाइपाची खोलीच चार बोटांची, त्यांत मात्र निम्मी जागा चिखलाची होते आणि झाड पाण्याच्या सान्निध्यांत, हवेवांचून, गुदमरून मरतें. वरून पाहणाराला पानें सुकलेलीं दिसतात. तो बिचारा आणखी पाणी घालतो.

म्हणून खडी नको. मिश्रणच भुसभुशीत हवें. नारळाच्या सोडणाचा भुसा, ज्याला बाजारांत कोकोपीट म्हणतात, तो दोन भाग, चाळलेलें गांडुळखत एक भाग आणि भाताचें तूस एक भाग हें प्रमाण चांगलें. भुशांत पुष्कळदां मिठाचा अंश असतो, तेव्हां तो बादलींत भिजवून, पाणी ओतून, पुन्हा एकदां धुवून घ्यावा. बागेंतली काळी माती या पाइपांत घालूं नये. निचरा हें एक कारण झालें. दुसरें कारण आंकड्यांत सांगण्यासारखें आहे.

खिडक्यांच्या कडेखालीं दोन बोटें जागा सोडली तर या कुंडींत सुमारें ५ लिटर मिश्रण मावतें. वरील हलकें मिश्रण पुरतें भिजल्यावर लिटरमागें जवळजवळ १ किलोग्रॅम भरतें. तेव्हां पाइप, टोपणें आणि झाडें धरून कुंडी ७ किलोग्रॅमच्या घरांत जाते. ओली माती लिटरमागें पावणेदोन किलोग्रॅमपर्यंत जाते. मग तीच कुंडी १०-११ किलोग्रॅमची होते. कुंडी टांगतांना ती कोरडी असते, आणि कोरड्या कुंडीचें वजन हातांत घेऊन हुकाचा अंदाज बांधणें यासारखी फसगत दुसरी नाहीं. वजन करावें तें पाणी पाजल्यावर.

आतां शिंक्याची पाळी. पाइपाच्या कांठाला दोन भोकें पाडून त्यांत तार ओवणें हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय होय. पी. व्ही. सी. वर सतत भार राहिला तर तो एका दिवसांत तुटत नाहीं. तो महिनोन्महिने, उन्हाच्या तापानें अधिकच, हळूहळू ओढला जातो, भोक लांबट होतें आणि एके दिवशीं कांठ फाटतो. तार किंवा साखळी पाइपाच्या बुडाखालून न्यावी. दोन्ही टोंकांपासून आठ-नऊ सेंटिमीटरांवर, जेथें पाइप अखंड आहे तेथें, साखळीचा एक पूर्ण वेढा द्यावा आणि मग ती वर न्यावी. नुसता झोळीसारखा आधार दिला तर गोल पाइप झोळींत लोळतो. वेल एका बाजूस वाढले कीं कुंडी हळूच त्या अंगावर वळते आणि मिश्रण खालीं सांडतें. वेढ्यानें तें टळतें, आणि वेढ्याच्या एका कडींतून पाइपाच्या पाठीवर एक लहान स्क्रू बसविला म्हणजे निश्चिंती. साखळी जस्ताचा मुलामा दिलेली असावी. काथ्याचा दोर सुंदर दिसतो, परंतु रोज भिजून तो आंतून कुजतो आणि बाहेरून तसाच दिसत राहतो. स्वस्त प्लॅस्टिकच्या दोरीला ऊन खातें.

हुक गिलाव्यांत ठोकलेल्या लांकडी गट्टूंत बसवूं नये. सिमेंट-काँक्रीटच्या छतांत फुगून बसणारा पोलादी खिळा, ज्याला बाजारांत डॅश फास्टनर म्हणतात, तोच योग्य. ज्या जुन्या इमारतींच्या सज्ज्यांवर गंजाचे डाग दिसतात, गिलावा फुगलेला आहे किंवा सळया उघड्या पडल्या आहेत, तेथें छताला गिरमिट लावूंच नये. अशा छताला नवा भार देण्यापेक्षां कुंडी भिंतीजवळच्या लोखंडी स्टँडवर टांगावी. हुक बसविल्यावर प्रत्येकाला पाण्यानें भरलेली १५ लिटरची बादली एक संपूर्ण दिवस अडकवून ठेवावी, आणि खालीं जुनी गादी टाकावी. घरांतील मंडळी हंसतील. हंसूं द्यावें.

कठड्याच्या बाहेर, रस्त्याच्या अंगाला, कुंडी कधींहि टांगूं नये. तिसऱ्या मजल्याच्या, म्हणजे सुमारें ९ मीटर उंचीवरून सुटलेली वस्तु जमिनीवर पोंचते तेव्हां तिचा वेग ताशीं ४८ किलोमीटरांच्या आसपास असतो. खालून भाजीवाली जात असते, शाळेची मुलें जात असतात. कुंडी पडण्यासाठीं वादळच यावें लागतें असेंहि नाहीं. कबुतर बसलें तरी गंजलेल्या कडीला तेवढें निमित्त पुरतें. पावसाळ्यापूर्वीं, मे महिन्याच्या अखेरीस, प्रत्येक कडी हातानें वळवून पाहावी. मुंबईसारख्या ठिकाणीं जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या दिवसांत ज्या गॅलरींत पावसाची झड येते तेथील कुंडी सतत भिजून पूर्ण वजनाचीच असते.

झाडांची निवड जागेच्या उन्हावरून करावी. दुपारचें ऊन मिळत असेल तर चिनी गुलाब उत्तम. त्याला खोल माती लागत नाहीं आणि एक दिवस पाणी चुकलें तर तो रुसत नाहीं. उत्तरेच्या किंवा सावलीच्या गॅलरींत मनीप्लांट आणि स्पायडर प्लांट. पानओवा दोन्हीकडे जगतो, आणि पावसाळ्यांत त्याच्या पानांचीं भजीं होतात हा गुण कोणत्याहि परदेशी वेलींत नाहीं. पुदिना पाइपांत लवकर पसरतो. मेथी आणि कोथिंबीर महिना-सवा महिन्यांत कापून घेतां येतात. तुळस मात्र येथें लावूं नये. तिला खोली लागते, आणि चार बोटांच्या पाइपांत ती मंजिऱ्या धरून अकालीं वाळते.

पाणी किती, हें ठराविक सांगतां येत नाहीं. कोकोपीट वरून कोरडें दिसलें तरी आंत ओल असते; म्हणून बोट दोन पेरें आंत घालून पाहावें, किंवा तळहात कुंडीखालीं देऊन ती किंचित् उचलावी. आठवड्याभरांत हाताला भार कळूं लागतो. एप्रिल-मेमध्यें रोज, कधीं दोन वेळां पाणी लागतें. थंडींत तिसऱ्या दिवशीं. पाणी थोडें थोडें, दोन दमांत घालावें. खालच्या मजल्यावर कोणाचे पापड किंवा धुतलेलीं धोतरें वाळत असतात, आणि वरच्याच्या बागेचें चिखलपाणी त्यांवर ठिबकलें कीं चांगली शेजारधर्माची माणसेंहि बोलावयाचीं थांबतात. कुंडीखालीं, तिच्या साखळीलाच, उभा चिरलेला अर्धा पाइप पन्हळीसारखा लावावा. त्याला किंचित् उतार देऊन टोंकाखालीं डबा ठेवावा. त्या डब्यांतलें पाणी रोज ओतून टाकावें. डेंग्यूचा डांस स्वच्छ, सांचलेल्या पाण्यांतच अंडीं घालतो, आणि उष्ण हवेंत अंड्याचा डांस होण्यास आठ-दहा दिवस पुरतात.

उभ्या मनोऱ्याविषयीं एवढेंच कीं स्पंजाचा नियम त्यालाहि लागू आहे. उभ्या स्पंजाप्रमाणें त्याचा वरचा भाग लवकर सुकतो आणि तळ ओला राहतो. वरचीं रोपें तहानलेलीं, खालचीं बुडालेलीं. शिवाय मीटरभर उंचीच्या मनोऱ्यांत साडेआठ लिटर मिश्रण लागतें आणि त्याचा सारा भार एका हुकावर येतो. जमिनीवर उभा करण्यास तो ठीक आहे.

पावसाळा संपला, ऑक्टोबरचें ऊन पडलें कीं कुंडी उतरवावी. न चिकटविलेल्या टोपणाचे स्क्रू काढून तें ओढलें आणि खिडक्यांतून थोडा रेटा दिला म्हणजे मुळ्यांचा लांबट गठ्ठा टोंकाकडून बाहेर सरकतो. धारदार सुरीनें त्याचा बाहेरचा तिसरा हिस्सा कापून टाकावा, पाइप धुवावा, बुडाच्या भोकांतून काडी फिरवावी, रंग उडाला असेल तेथें पुन्हा एक हात द्यावा आणि नवें मिश्रण भरून तींच झाडें बसवावींत. त्या वेळीं मनीप्लांटचे छाटलेले वेल फेंकूं नयेत. दोन-दोन पेरांचे तुकडे करून पाण्याच्या बाटलींत ठेवले तर तीन-चार आठवड्यांत त्यांना मुळ्या फुटतात. बाटलींतलें पाणी दर तीन-चार दिवसांनीं बदलावें. तोंवर शेजारच्या घरीं पाइप कापून झालेला असतो.